पहिलेच ट्रॅव्हल नर्सिंगचे कॉन्ट्रॅक्ट: टूसॉनमधील तेरा आठवडे आणि पुढच्या मुक्कामाची तयारी

डॅलसकर सिस्टर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची असून सध्या डॅलसमध्ये धाकट्या बहिणीबरोबर भाड्याच्या घरात राहते. ज्या रुग्णालयाने माझ्या ग्रीन कार्डसाठी अर्ज केला होता, त्याच्याशी झालेला सेवेचा करार या उन्हाळ्यात पूर्ण झाला. टेलिमेट्री वॉर्डमधील (जेथे रुग्णांच्या हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने सतत लक्ष ठेवतात) अनुभवाच्या बळावर आता एका एजन्सीमार्फत ट्रॅव्हल नर्स म्हणून पहिले काम मिळते आहे. ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून १३ आठवडे, आठवड्याला बारा तासांच्या तीन रातपाळ्या, असे त्याचे स्वरूप आहे. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी सांगते की, मनुष्यबळ कमी पडलेली रुग्णालये एजन्सीकडून ठरावीक मुदतीसाठी परिचारिका घेतात. मुदत संपली की ती वाढवून घ्यायची किंवा दुसऱ्या गावी जायचे.

कॉन्ट्रॅक्टचा मसुदा माझ्या हाती आला आहे, सही अजून केलेली नाही. असे असतानाच एजन्सीच्या रिक्रूटरने, म्हणजे जागा मिळवून देणाऱ्या प्रतिनिधीने, मार्चअखेरपासून व्हरमाँटमधील बर्लिंग्टन येथील जागाही सुचवून ठेवली आहे. टेक्सस, ॲरिझोना आणि व्हरमाँट ही तिन्ही राज्ये नर्सिंग परवान्याच्या आंतरराज्य करारात असल्यामुळे नवा परवाना काढावा लागणार नाही, एवढी एक काळजी मिटलेली आहे.

माझी अडचण वेगळी आहे. माझ्या काही सहकारी हे काम करून आल्या आहेत, आणि त्यांच्याकडून त्या त्या शहराविषयी ऐकताना रुग्णालय, पार्किंग आणि सामानाचे खोके यांपलीकडे फारसे काही कानावर येत नाही. पहिला महिना नवे वॉर्ड आणि नवी संगणकप्रणाली समजून घेण्यात जातो, शेवटचा महिना पुढची जागा, पुढचे घर आणि आवराआवर यांत जातो, आणि मधल्या महिन्यात रातपाळीची झोप भरून काढावी लागते. मला फिरण्याची आवड आहे. परंतु एकटीने, अनोळखी गावात, विषम वेळापत्रकात काय जमते याचा अंदाज नाही. टूसॉनमध्ये हिवाळ्यात काय करण्यासारखे आहे, आणि पुढच्या मुक्कामाची तयारी केव्हा व कशी केली असता ती मोकळ्या दिवसांवर चालून येत नाही, हे दोन्ही अनुभवी मंडळींनी सांगावे.

फिरता ब्रदर यांचे उत्तर

सिस्टर, अभिनंदन. मी अतिदक्षता विभागात काम करतो आणि बरीच वर्षे या फिरतीवर आहे. तुमची सही अजून झालेली नाही ही सर्वांत चांगली गोष्ट आहे, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचे अर्धेअधिक उत्तर त्या मसुद्यातच लिहून घ्यावे लागते.

वॉर्डच्या मॅनेजरशी फोनवर मुलाखत होईल तेव्हा तीन पाळ्या सलग मिळतील का, हे स्पष्ट विचारा. रविवार, सोमवार, मंगळवार अशा सलग पाळ्या लागल्या आणि पुढच्या आठवड्यात त्या गुरुवार, शुक्रवार, शनिवारी आल्या, तर मध्ये आठवडाभराची सलग सुटी एक दिवसही रजा न घेता मिळते. याउलट एकाआड एक पाळ्या लागल्या, तर मधला प्रत्येक दिवस झोपेत जातो आणि चार सुट्या कागदावरच राहतात. हवे असलेले विशिष्ट दिवस आधी ठरवून कॉन्ट्रॅक्टमध्ये तारखांसह नोंदवून घ्या. मॅनेजरने फोनवर “बघू या” म्हटले, तर त्याला काही अर्थ नसतो, आणि वेळापत्रक लावणारी व्यक्ती बहुधा दुसरीच असते. रुग्णसंख्या कमी झाल्यावर पाळी रद्द करण्याचा रुग्णालयाला किती अधिकार आहे, किमान किती तासांचा पगार नक्की मिळणार, दुसऱ्या कोणत्या वॉर्डांत पाठवले जाऊ शकते आणि कॉन्ट्रॅक्ट मध्येच मोडल्यास किती दिवसांची सूचना मिळेल, ही कलमे याच वेळी वाचून घ्यावीत.

पुढच्या मुक्कामाची कागदी तयारी पहिल्या पंधरवड्यातच उरकावी, असे माझे ठाम मत आहे. रुजू होताना तुम्ही सगळी कागदपत्रे गोळा केलेलीच असतात: बीएलएस आणि एसीएलएसची (मूलभूत आणि प्रगत जीवरक्षण प्रशिक्षणाची) दोन वर्षे चालणारी प्रमाणपत्रे, गोवर व कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचे रक्ततपासणी अहवाल, हेपेटायटिस बीचे डोस, क्षयरोगाची चाचणी, फ्लूची लस, आणि एन-९५ मास्कची दरवर्षी करावी लागणारी फिट टेस्ट, म्हणजे तो चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याची तपासणी. ही सर्व एकाच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा आणि कोणत्या कागदाची मुदत कधी संपते ते मोबाइलच्या कॅलेंडरवर टाका. टूसॉनमध्ये झालेल्या फिट टेस्टची आणि लसीची प्रत तेथील कर्मचारी-आरोग्य विभागाकडून लगेच मागून घ्या. तुम्ही तेथून निघाल्यावर तोच कागद मिळवण्यासाठी अनेक फोन करावे लागतात. शिफारस मागण्याची योग्य वेळ कॉन्ट्रॅक्टच्या मध्यावर असते, कारण त्या वेळी चार्ज नर्सला, म्हणजे पाळीच्या प्रमुख परिचारिकेला, तुमचे काम माहीत झालेले असते आणि ती स्वतः अजून त्या वॉर्डात असण्याची शक्यताही अधिक असते. एवढे झाले की नव्या जागेसाठी नाव पाठवणे हे रिक्रूटरचे एका दिवसाचे काम उरते.

फिरण्याविषयी म्हणाल, तर रातपाळीच्या माणसाने पर्यटनस्थळांची यादी करू नये. शेवटची पाळी संपवून आल्यावर दुपारी बारा-एकपर्यंतच झोपावे, जागे झाल्यावर घराजवळचे, चालत जाता येईल असे काहीतरी करावे, आणि रात्री वेळेवर अंथरुणावर जावे, म्हणजे पुढचे दिवस माणसांत मिसळता येते. पाळीवरून थेट डोंगराच्या रस्त्याने गाडी चालवायला निघणारे सहकारी मी पाहिले आहेत; झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी घाटरस्ता चढणे हे कोणत्याही सूर्योदयापेक्षा महाग आहे. एक सोपा उपाय म्हणजे गावात पोहोचताच सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड काढणे. पुस्तकांपेक्षाही मला तेथील सूचनाफलकाचा उपयोग होतो, कारण स्थानिक मैफली, चालणाऱ्यांचे गट, विणकामाचे वर्ग आणि मोफत सहली यांची माहिती तेथे मिळते. अशा ठिकाणी दर आठवड्याला त्याच वेळी गेले की चौथ्या-पाचव्या खेपेला लोक नावाने हाक मारू लागतात.

सामान गाडीच्या डिकीत आणि मागच्या सीटवर मावेल एवढेच न्यावे. कुकर, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणे, दिवसा झोपण्यासाठी खिडकीचे जाड काळे पडदे आणि दोन जोड चांगले बूट एवढे असले की संसार चालतो. तेथे गेल्यावर मोठे काही विकत घेऊ नका. शेवटच्या आठवड्याची आवराआवर म्हणजे मुख्यत्वे हौसेने घेतलेल्या वस्तूंची विल्हेवाट असते.

टूसॉनकर यांचे उत्तर

मी नर्सिंगच्या क्षेत्रातला नाही, परंतु टूसॉनमध्ये दीर्घकाळ राहत असल्यामुळे गावाविषयी लिहितो.

आधी घराचे. जानेवारी ते मार्च हा येथील भाड्यांचा सर्वांत महाग काळ असतो. उत्तरेकडील थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक हिवाळ्यापुरते येथे येऊन राहतात, आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रत्ने व खनिजे यांचे प्रचंड प्रदर्शन भरत असल्यामुळे हॉटेलेही भरून जातात. म्हणून संपूर्ण तेरा आठवड्यांसाठी एकच दर लेखी ठरवून घ्या, आणि कॉन्ट्रॅक्ट रद्द झाल्यास ठरावीक सूचनेवर घर सोडता येईल हेही त्यात लिहा. मोठ्या घराच्या मागे बांधलेल्या स्वतंत्र खोलीवजा घराला येथे कसिता म्हणतात. एकट्या व्यक्तीसाठी ती उत्तम. घर प्रत्यक्ष किंवा किमान व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. वाळवंट म्हणून थंडीचे कपडे मागे ठेवू नका, कारण डिसेंबर-जानेवारीत दुपारी १८ ते २० अंश सेल्सिअस असणारे तापमान पहाटे चार-पाच अंशांवर येते.

आता मोकळ्या वेळाचे. तुमच्या वेळापत्रकाला सर्वांत सोयीची जागा म्हणजे टुमामॉक टेकडी. शहराच्या मध्यवस्तीजवळच असलेल्या या टेकडीवर माथ्यापर्यंत सुमारे दीड मैलाचा डांबरी रस्ता जातो, त्यावर खासगी गाड्यांना मनाई आहे, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत गावातले सर्व थरांतले लोक येथे चालायला येतात. चढ चांगला दमवणारा आहे. १९०३ साली येथे वाळवंटातील वनस्पतींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तेथील काही वनस्पतींच्या नोंदी शतकाहून अधिक काळ ठेवल्या जात आहेत. एकट्या व्यक्तीला संध्याकाळी चालायला याहून निर्धास्त आणि तरीही माणसांनी भरलेली जागा मला या गावात माहीत नाही.

सग्वारो नॅशनल पार्क शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असा दोन भागांत विभागलेला आहे. सग्वारो म्हणजे हात पसरून उभा असलेला, चित्रांतून सर्वांना परिचित असलेला उंच निवडुंग; त्याला पहिला फाटा फुटायलाच पन्नास ते शंभर वर्षे लागू शकतात. पूर्वेकडील भागात आठ मैलांचा वळसा घालणारा पक्का रस्ता असून तो सायकलने करण्यासारखा आहे. राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास घ्या. तोच पुढे वर्षभर इतर राज्यांतही चालतो, आणि येथे साबिनो कॅन्यनच्या पार्किंगलाही चालतो, फक्त तेथील बसचे तिकीट वेगळे काढावे लागते. पायवाटेवर जाताना खिशात एक कंगवा ठेवा. चोया नावाच्या निवडुंगाचे काटेरी तुकडे कपड्यांना आणि कातडीला चिकटतात आणि ते बोटांनी काढू गेल्यास बोटांत रुततात, मात्र कंगव्याने झटकले की निघतात.

माउंट लेमन हे ९,१५७ फूट उंचीचे शिखर आहे. निवडुंगांच्या माळावरून सुरू झालेला सुमारे २७ मैलांचा रस्ता पाइनच्या जंगलात आणि हिवाळ्यात बहुधा बर्फात नेऊन सोडतो. निघण्यापूर्वी रस्ता उघडा आहे की नाही याची चौकशी करावी, आणि ब्रदरांनी म्हटल्याप्रमाणे पाळीच्या दुसऱ्या दिवशी जावे, त्याच दिवशी जाऊ नये.

रत्नांचे प्रदर्शन भाडे वाढवते हे खरे, पण ते चुकवू नका. ते एका जागी भरत नाही. हॉटेलांच्या खोल्या, तंबू आणि गोदामे अशा अनेक ठिकाणी पसरलेले असते आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणी सर्वांना मोफत प्रवेश असतो. तेथे भारतीय व्यापाऱ्यांच्या टेबलांवर ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट या खनिजांचे पांढरे, हिरवट, गुलाबी झुपके मांडलेले दिसतील. ते आपल्याच दख्खनच्या काळ्या पाषाणातले, जळगाव, नाशिक, पुणे या पट्ट्यातील खाणींमधून आणि विहिरींच्या खोदकामातून निघालेले असतात. ज्या दगडावर आपण लहानपणी उभे राहिलो त्याच्या पोटातले हे वैभव पाहण्यासाठी मला ॲरिझोनात यावे लागले, याची गंमत वाटते.

खाण्याच्या बाबतीत या गावाला २०१५ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली आणि अमेरिकेत ती मिळवणारे हे पहिले शहर ठरले. येथील टेपरी नावाचे छोटे कडधान्य तोहोनो ओ’ओदाम या मूळनिवासी लोकांनी कोरडवाहू शेतीत शतकानुशतके जपले आहे. त्यांच्या सॅन झेवियर येथील सहकारी शेतीवर ते विकत मिळते, आणि गोडा मसाला घालून त्याची केलेली उसळ मटकीच्या उसळीची बहीण शोभते. जवळच १७९७ मध्ये पूर्ण झालेले सॅन झेवियर देल बाकचे पांढरेशुभ्र चर्च आहे. ग्रंथालयाविषयी एक भर घालतो: पिमा काउंटीच्या ग्रंथालयातून कार्डावर भाज्यांचे आणि फुलांचे बियाणेही मिळते. तेरा आठवड्यांत मेथी आणि कोथिंबीर कुंडीत सहज येते.

शेवटी तुमच्या व्यवसायाला कळेल अशी एक सूचना. येथील मातीत कॉक्सिडिऑइडिस ही बुरशी असते आणि धुळीतून ती फुप्फुसांत गेल्यास व्हॅली फीवर होतो. लक्षणे एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे ती बर्लिंग्टनला गेल्यावरही सुरू होऊ शकतात. तेथे रेंगाळणारा खोकला, ताप आणि थकवा घेऊन डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली, तर ॲरिझोनातून आल्याचे आपणहून सांगावे, कारण ईशान्येकडील डॉक्टरांच्या मनात हे निदान चटकन येत नाही.

आणखी एक सुख म्हणजे ॲरिझोनात, नवाहो लोकांचा प्रदेश वगळता, घड्याळे पुढे-मागे करत नाहीत; भारताशी वर्षभर साडेबारा तासांचेच अंतर राहते. सकाळी साडेसातला पाळी संपते तेव्हा सांगलीत रात्रीचे आठ वाजलेले असतात.

हिशेबनीस यांचे उत्तर

मौजेच्या चर्चेत रुक्ष विषय आणतो याबद्दल क्षमस्व, परंतु तुमच्या पगाराचा मोठा भाग घर आणि जेवण यांच्या करमुक्त भत्त्याच्या रूपात असेल, आणि तो भत्ता करमुक्त राहण्यासाठी डॅलस हे तुमचे कराच्या दृष्टीने मूळ ठिकाण म्हणून टिकले पाहिजे. बहिणीबरोबरच्या घराचे तुमच्या वाट्याचे भाडे फिरतीच्या काळातही खरोखर देत राहा आणि ते बँकेतून द्या, म्हणजे दोन्ही ठिकाणी खर्च होत असल्याचा पुरावा राहतो. वाहनपरवाना, इतर नोंदी आणि करविवरण टेक्ससच्या पत्त्यावरच ठेवा. तुमचा बहुराज्यीय नर्सिंग परवानाही याच मूळ निवासाशी बांधलेला आहे. एकाच ठिकाणचे काम एक वर्षाहून अधिक चालेल अशी अपेक्षा निर्माण झाली, की आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याच्या, दृष्टीने ते तात्पुरते राहत नाही आणि भत्त्यावर कर लागतो. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नसला तरी ॲरिझोना आणि व्हरमाँट येथे मिळवलेल्या वेतनासाठी त्या त्या राज्याचे अनिवासी विवरणपत्र भरावे लागेल.

मूळ तासाचा दर फार कमी आणि भत्ता फार जास्त असलेल्या प्रस्तावाला भुलू नये. हाती रक्कम मोठी येते, परंतु जादा तासांचा दर, सोशल सिक्युरिटीची (सरकारी निवृत्तिवेतनाची) नोंद आणि पुढे घरकर्जासाठी दाखवायचे उत्पन्न हे सर्व त्या करपात्र दरावरच मोजले जाते.

दोन कॉन्ट्रॅक्टांच्या मधल्या काळात आरोग्यविम्याचे काय होते, हे एजन्सीला लेखी विचारा. विमा खंडित होणार असल्यास कोब्रा कायद्यानुसार तो चालू ठेवण्याची निवड करायला ६० दिवस मिळतात आणि ती निवड खंड पडल्याच्या तारखेपासून लागू होते. त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांच्या सुटीसाठी घाईने हप्ता भरण्याची गरज बहुतेकांना पडत नाही. तुम्ही ग्रीन कार्डधारक आहात, म्हणून पत्ता बदलल्यास तो १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला ऑनलाइन कळवण्याचा नियमही लक्षात ठेवा. तात्पुरत्या मुक्कामाच्या बाबतीत नेमके काय करावे हे आपल्या वकिलांकडून एकदा समजून घेतलेले बरे.

उत्तरवासिनी यांचे उत्तर

मी बर्लिंग्टनमध्ये काही हिवाळे काढले आहेत. ब्रदरांच्या बहुतेक सूचना मला पटतात, मात्र पुढची जागा इतक्या लवकर पक्की करण्याविषयी माझे मत वेगळे आहे. कागदपत्रे पहिल्या पंधरवड्यात तयार ठेवा, परंतु बर्लिंग्टनला होकार देण्यापूर्वी टूसॉनमध्ये निम्मा काळ काढा. रातपाळी तुमच्या प्रकृतीला कितपत मानवते हे कळल्याशिवाय त्याच प्रकारची दुसरी नेमणूक घेणे मला घाईचे वाटते.

जायचे ठरलेच, तर मार्चअखेर व्हरमाँटमध्ये वसंत आला असेल या समजुतीने निघू नका. त्या दिवसांना तेथे चिखलाचा ऋतू म्हणतात. बर्फ वितळून कच्च्या रस्त्यांवर गाडी रुतते, आणि मातीची धूप होऊ नये म्हणून डोंगरावरील पायवाटा मेअखेरपर्यंत टाळण्याचे आवाहन केले जाते. म्हणजेच टूसॉनमध्ये जडलेली डोंगर चढण्याची सवय तेथे पहिले दोन महिने उपयोगाची नाही. त्याऐवजी शांप्लेन सरोवराच्या काठाने जाणारा आठ मैलांचा पक्का मार्ग आणि चर्च स्ट्रीटचा वाहनमुक्त बाजार हे तुमचे रोजचे फिरणे होईल.

मात्र याच दिवसांत मेपलच्या रसाचा हंगाम असतो. रात्री गोठणारी आणि दिवसा वितळणारी हवा असेल तेव्हाच झाडांतून रस झिरपतो, आणि सुमारे ४० गॅलन रस आटवला की एक गॅलन पाक मिळतो. मार्चअखेरच्या सुटीच्या दिवसांत अनेक शेतकरी आपली गुऱ्हाळे लोकांसाठी उघडी ठेवतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला तो वाफेचा गोड वास आणि भट्टीशेजारची गर्दी यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. तेथे ताज्या बर्फावर गरम पाक ओतून देतात आणि सोबत डोनट व आंबट लोणच्याची काकडी ठेवतात. ही सांगड विचित्र वाटली तरी नाकारू नका.

गाडीविषयी सांगायचे तर टेक्ससमधील काचेवर मारायचे निळे पाणी उत्तरेत गोठते, ते वाटेतच बदलून थंडीचे भरा, आणि टायरची झीज मेकॅनिककडून तपासून घ्या. टूसॉनहून बर्लिंग्टन अडीच हजार मैलांपेक्षाही लांब आहे. वाटेत डॅलसला घरी थांबून उन्हाळी कपडे ठेवून लोकरी कपडे उचलता येतील अशी आखणी करा, आणि दोन कॉन्ट्रॅक्टांत किमान आठवडाभराचे अंतर मागून घ्या. टूसॉनहून पूर्वेला येताना इंटरस्टेट दहावर सिएरा ब्लँकाजवळ सीमा गस्ती दलाची चौकी लागते, तेथे प्रत्येक गाडी थांबवून नागरिकत्वाविषयी विचारतात. ग्रीन कार्ड सामानाच्या तळाशी ठेवू नये. भारतीय पासपोर्टही बरोबर असू द्या, कारण बर्लिंग्टनहून मॉन्ट्रियल शंभर मैलांच्या आत आहे आणि वैध पासपोर्ट व ग्रीन कार्ड असल्यास कॅनडाचा व्हिसा लागत नाही.

डॅलसकर सिस्टर

सर्वांचे मनापासून आभार. सलग पाळ्यांची मागणी आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातील दोन दिवसांची सुटी मी आज रिक्रूटरला लेखी कळवली आहे. प्रदर्शनातले आपल्याकडचे दगड पाहायचेच असे ठरवले आहे. बर्लिंग्टनचा निर्णय उत्तरवासिनीताईंच्या सल्ल्याप्रमाणे जानेवारीअखेरपर्यंत राखून ठेवते. एक शंका उरते. टूसॉन आवडले आणि रुग्णालयाने मुदतवाढ देऊ केली, तर ती कधी आणि कोणत्या अटींवर स्वीकारावी? नाहीतर उत्तराची वाट पाहण्यात पुन्हा शेवटचा महिना अधांतरी जाईल.

फिरता ब्रदर

मुदतवाढीची विचारणा बहुधा आठव्या आठवड्याच्या आसपास होते, आणि ती झाली नाही तर त्या सुमारास तुम्हीच मॅनेजरला विचारावे. रिक्रूटरमार्फत येणारे उत्तर दोन-तीन हातांतून फिरून येते. दहाव्या आठवड्यापर्यंत लेखी होकार न आल्यास मुदतवाढ नाही असे धरून पुढची जागा पक्की करावी आणि मग मागे पाहू नये.

मुदतवाढ पूर्ण तेरा आठवड्यांचीच घ्यावी लागते असे नाही. चार किंवा आठ आठवड्यांचीही मागता येते. दर मात्र पुन्हा तपासा, कारण हिवाळ्यातील गर्दी ओसरली की रुग्णालये तोच दर देतीलच असे नाही. घरमालकाशी आधीच बोलून ठेवा. हिवाळी पाहुणे परतू लागल्यावर, मार्चअखेरनंतर, तेच घर कमी भाड्यात मिळण्याची शक्यता असते. उन्हाळ्यापर्यंत राहण्याचा विचार असेल, तर टूसॉनकरांना जूनमधील दुपारच्या तापमानाविषयी विचारून मगच सही करावी.

टूसॉनकर

जूनमध्ये दुपारी ३८ अंशांच्या वर पारा जाणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि दिवसा झोपणाऱ्या व्यक्तीला घराचे एसी कसे आहे यावर सर्व अवलंबून राहील. काही कसितांमध्ये एसीऐवजी बाष्पीभवनावर चालणारे कूलर असतात; ते कोरड्या मे-जूनमध्ये ठीक चालतात, परंतु पावसाळी वारे सुरू झाले आणि हवेत दमटपणा आला की निरुपयोगी ठरतात. मुदतवाढ मेअखेरपर्यंतची घ्या. एप्रिल-मेमध्ये सग्वारोला फुले येतात, ती रात्री उमलून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात, म्हणजे पाळीवरून घरी जाताना वाटेतच पाहता येतील.